उकाळ्याची जप्ती

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या दुपारी, चारच्या सुमारास, अबकारी खात्याच्या एका हवालदाराने पळसदरीजवळच्या आमच्या घरातून उकाळ्याने भरलेला पितळी टोप जप्त केला. घाटात विजेची इंजिने धावू लागली, त्यानंतरचा तो दुसरा हिवाळा. टोप चुलीवर होता आणि तापलेला होता. तो उतरवायला हवालदाराने माझ्या वहिनीकडेच फडके मागितले. तिने ते दिले नाही.

मी त्या वेळी मुंबईत एका दैनिकात मुद्रिते तपासत असे आणि दत्तजयंतीसाठी दोन दिवस घरी आलो होतो. थोरला भाऊ पळसदरीच्या स्टेशनावर सांधेवाला, म्हणजे गाड्यांसाठी रूळ बदलणारा, होता. त्या दुपारी तो कामावर होता. घरात वहिनी आणि मी, एवढेच. जप्ती मी डोळ्यांनी पाहिली. पुढे कर्जतच्या मामलेदार कचेरीत तीन तारखा पडल्या, त्यांतल्या दोन तारखांना मी हजर होतो. तिसऱ्या तारखेचे वहिनीने सांगितले तसे लिहिले आहे, आणि तिचे सांगणे कचेरीतल्या कारकुनाकडून पडताळून घेतले आहे.

उकाळा आमच्या भागात घरोघर होई. भाताची झोडणी संपली आणि माथेरानच्या बाजूने गार वारा उतरू लागला, की गूळ, सुंठ, मिरे, तुळस आणि गवती चहा पाण्यात उकळायचा आणि कडकडीत प्यायचा. दत्तजयंतीला वाडीतल्या उंबराखाली पाळणा बांधत. सूर्य मावळताना जन्म होई आणि मग सुंठवड्याबरोबर साऱ्या वाडीला उकाळा. लग्न होऊन वहिनी आली, त्याच्या दुसऱ्या वर्षापासून हा उकाळा आमच्या घरी होऊ लागला, कारण तिच्या हातचा निराळा लागे. ती खालापूरकडची, डोंगराला लागून असलेल्या गावातली. तिच्या माहेरी उकाळ्यात मोहाची सुकी फुले घालत.

तिची रीत ठरलेली होती. सकाळी फुले निवडायची आणि आतले केसर झटकून टाकायचे, नाहीतर घसा खवखवतो. तीन पाण्यांनी धुऊन कोमट पाण्यात भिजत घालायची आणि दुपारी पाट्यावर वाटायची. टोपात पाण्याला उकळी आली की आधी गवती चहा आणि तुळस, मग ठेचलेली सुंठ आणि मिरे, मग फुलांचे वाटण, सगळ्यात शेवटी गूळ आणि चिमूटभर मीठ. फुलांमुळे गूळ निम्माच लागे. आणि टोपातले पाणी चार बोटे आटेपर्यंत वर झाकण ठेवायचे नाही. झाकण ठेवले की उकाळा उग्र होतो, असे ती म्हणे. टोपही माहेरचाच होता. त्याच्या काठाखाली तीन टिंबांची ठोकून काढलेली खूण होती; तिच्या माहेरच्या सगळ्या भांड्यांवर ती असे.

फुले डोंगरातल्या वाडीवरची एक म्हातारी ठाकरीण आणून देई. चैत्रात पहाटे वेचलेली आणि कातळावर वाळवलेली. वहिनी तिला त्याचे तांदूळ देई. पण तेवढ्यावर भागत नसे. वहिनीच्या माहेरचा नेम असा होता, की उकाळ्याचा पहिला पेला देवाला नाही, घरधन्याला नाही. ज्याने फुले आणली त्याला. पहिल्या वर्षी यावरून वाडीत कुजबुज झाली. ठाकरणीला आधी आणि आम्हाला मागून?

"ज्याला मागून नको आसंल, त्यानं घरचा पिऊन यावं," वहिनीने सांगितले.

घरचा पिऊन कुणी आले नाही.

मोहाच्या फुलांची दारू निघते, म्हणून आमच्या जिल्ह्यात परवान्याशिवाय ती फुले घरात ठेवायला बंदी होती. वहिनीला हे माहीत नव्हते असे लिहिले तर ते खोटे होईल. तिला माहीत होते. पण बंदी दारूला आहे आणि फुलांना नाही, असा तिचा पक्का समज होता, आणि तिच्या माहेरच्या सगळ्या गावाचा तोच होता. फुले दारूसाठी ठेवणारे लोक ती लपवून ठेवत. वहिनीची फुले सुपात, ओटीवर, रस्त्यावरून दिसतील अशी ठेवलेली होती.

हवालदार घाटावरचा होता. सोबत एक शिपाई घेऊन तो खालापूरच्या रस्त्याने कर्जतला निघाला होता. वास त्याला गाडीरस्त्यावरच लागला. तो अंगणात येऊन उभा राहिला.

"काय शिजतंय, बाई?"

"उकाळा हाय. दत्ताचा. बसा, उतरला का देते."

"फुलांचा वास येतोय."

"फुलं घातली तं फुलांचाच येनार. अत्तर कुठून आनू?"

शिपाई हसला. हवालदार हसला नाही. त्याने विचारले, भट्टी कुठे आहे.

"ही काय. चूल म्हनतात हिला."

त्याने सुपातली फुले हातात घेऊन पाहिली. कुणी दिली, असे विचारले.

"झाडानं."

"कुठल्या झाडानं?"

"डोंगरातल्या. त्याला समन धाडा."

मी पुढे होऊन सांगितले, की हे आंबवलेले नाही, आज सकाळीच भिजवलेले आहे, आपण चाखून पाहा. तो म्हणाला, जप्तीचा माल चाखता येत नाही. त्याचे म्हणणे नियमाला धरून होते. तेव्हा वहिनीने पळीने पेला भरला, उभ्यानेच प्यायली आणि रिकामा पेला उलटा धरून दाखवला. अंगणात सकाळी रांगोळीची लांब रेघ ओढलेली होती. तिच्यावरून ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली आणि वळून परत आली.

"झोक गेला का माजा? आता तुमी चालून दावा."

हवालदार चालला नाही. शिपायाच्या पिशवीत दोन बाटल्या होत्या. त्या उकाळ्याने भरून बुचे मारली. पाटलाच्या घरून लाख आणून मोहोर केली. एक बाटली कर्जतच्या मामलेदार कचेरीसाठी होती, दुसरी तपासणीला मुंबईस पाठवायची. फुले एका फडक्यात बांधली. उरलेला उकाळा शिपायाने उकिरड्यावर ओतला. वाफ बराच वेळ येत होती. रिकामा टोप घेऊन दोघे पाटलाच्या ओटीवर पंचनामा लिहायला गेले.

सूर्य मावळायला दीड तास उरला होता. वहिनीने शेजारणीकडून टोप मागून आणला आणि दुसरा उकाळा चढवला. त्यात फुले नव्हती, गूळ दुप्पट होता. सुंठ ती इतक्या जोराने ठेचत होती, की उंबराखाली पाळणा बांधणारे लोक मान वळवून पाहू लागले. त्या वेळी ती माझ्याशी एकच वाक्य बोलली.

"भावजी, म्हातारी येल आता."

ठाकरीण दर वर्षी पाळण्याच्या वेळी पहिल्या पेल्यासाठी येई. त्या पेल्याचा अर्थ वाडीला माहीत होता. हवालदाराने तो नेम कुणाकडून ऐकला असता आणि पेला तिच्या हातात पाहिला असता, तर फुले कुणी दिली हे त्याला विचारावे लागले नसते.

जन्म झाला. लोक रांगेने उभे राहिले. ठाकरीण आली आणि नेहमीप्रमाणे पुढे निघाली. तिच्यादेखत वहिनीने पहिला पेला भरला, सगळ्यांना ओलांडून पाटलाच्या ओटीपर्यंत गेली आणि तो हवालदारापुढे ठेवला.

"घ्या. आमच्यात पयला पेला फुलंवाल्याचा. औंदा फुलं तुमच्याकडं हायती. ह्यात नायत, प्या बिनघोर."

हवालदाराने पाटलाकडे पाहिले. पाटील म्हणाला, रीत आहे तशी. थंडी बरीच होती आणि दोघे दुपारपासून चाललेले होते. हवालदार प्यायला.

"चांगला आहे," तो म्हणाला.

"मघाचा याच्याहून चांगला व्हता. तो तुमी उकिरड्याला पाजलात."

ठाकरीण थांबली होती. मग ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. तिचा पेला सगळ्यांत शेवटचा आला. तो देतानाही वहिनीने तिच्याकडे पाहिले नाही.

भाऊ कामावरून आला आणि त्याला कळले. तो रागावला नाही, घाबरला. घरातल्या बाईवर दारूचा खटला आहे असे वर कळले तर सांध्यावर ठेवतील का, एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. नोकरी लागायला त्याला सहा वर्षे लागली होती. दुसऱ्या दिवशी तो कर्जतला जाऊन कचेरीतल्या कारकुनाला भेटला आणि एक कागद लिहून घेऊन आला. या कागदावर वहिनीने अंगठा उठवला की ताकीद देऊन सोडतील, खटला उभा राहणार नाही, असे कारकुनाने सांगितले होते.

मी रजा वाढवून घेतली होती. कागद मी वाचला. चार ओळींचा होता. मी दारूसाठी मोहाची फुले घरी आणली, ती भिजवून दारू तयार करीत होते, फुले अमक्या वाडीवरच्या ठाकरणीकडून घेतली, पुन्हा असे करणार नाही. ठाकरीण हे कारकुनाला कुणी सांगितले ते भावाने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. तिचे नाव तेवढे लिहायचे राहिले होते, त्या जागी रेघ मारलेली होती.

मला तो कागद वाईट वाटला नाही. छापायला येणारा मजकूर सौम्य करण्याची मला सवय होती. मी कारकुनाला भेटून 'दारू' हा शब्द दोन्ही ठिकाणी काढून 'आंबवण' करून घेतला आणि काम झाले असे समजलो. संध्याकाळी तो वहिनीला वाचून दाखवला.

"आंबवन मी कंदी केलं?" तिने विचारले.

"नुसता शब्द आहे, वहिनी. दारूपेक्षा बरा."

"आनि ती रेघ कशाची?"

मी सांगितले, नावाची.

"म्हंजे माजा अंगठा, आनि धरून नेनार तिला."

भाऊ म्हणाला, "अगं, ठाकरांना सवय असती कचेरीची. तिला दोन दिस बसवतील नि सोडतील. आपलं तसं हाय का?"

"अवो, तिला सवय हाय तं मीबी लावून घेईन सवय."

सकाळी भावाने पुन्हा कागद पुढे ठेवला. वहिनीने उजव्या हाताचा अंगठा मुठीत घेतला आणि त्याच हाताने भाकऱ्या थापायला बसली. भाकऱ्या वाकड्या झाल्या. भावाने त्या डब्यात घेतल्या आणि तो कामावर गेला.

जप्तीपासून आठव्या दिवशी पहिली तारीख होती. भावाला रजा मिळाली नाही, किंवा त्याने मागितली नाही. वहिनी आणि मी लोहमार्गाच्या कडेने चालत कर्जतला गेलो. मामलेदार वयस्क होते आणि आवाज चढवत नसत. त्यांनी बाटली मागवली. शिपायाने लाख फोडली आणि बूच सैल केले. बूच आपल्या आपण उडाले, छताला लागून कारकुनाच्या मेजावर पडले. बाटलीतून फेस वर आला आणि मेजाच्या कडेने खाली गळू लागला. आंबट वास खोलीभर पसरला. दारात उभे असलेले लोकही नाक वर करून पाहू लागले.

"हा उकाळा?" मामलेदारांनी विचारले.

"माज्या घरात तो उकाळाच व्हता, सायेब. आठ दिस बुच मारून कुनी ठेवला? मी नाय ठेवला. तुमच्या घरचं ताक आठ दिस बाटलीत घाला, मंग त्याला ताक म्हना."

"फुले होती ना त्यात?"

"व्हती. गूळबी व्हता. गूळ आंबत नाय का? मंग गुळालाबी धरा. दारू माज्या चुलीवर झाली नाय, सायेब. तुमच्या बाटलीत झाली. हवालदारानं केली."

दारातले लोक हसले. हवालदार भिंतीपाशी उभा होता. त्याचा चेहरा लाल झाला. मामलेदार म्हणाले, बाई, इथे जीभ आवरून बोलायचे. मग त्यांनी कारकुनाला तो चार ओळींचा कागद पुढे करायला सांगितला. मी सुचवलेला 'आंबवण' हा शब्द त्यात होता, आणि त्या दिवशी बाटलीतून गळत असलेली गोष्ट नेमकी तीच होती. शब्द बदलून मी कागद हलका केला नव्हता. बाटलीशी जुळता करून ठेवला होता.

कारकुनाने शाईची डबी पुढे सरकवली. वहिनीने हात पदराखाली घेतला.

"फुले कुणी दिली तेवढे सांग. अंगठ्याचे मग पाहू."

"मी घेतली, मी वाटली, मी घातली. धरायचं तं मला धरा. मी हितं उभी हाय."

मामलेदारांनी तिला पडवीत बसायला सांगितले. दुपारपासून कचेरी बंद होईपर्यंत ती खांबाला टेकून बसली. शिपाई दोनदा शाईची डबी घेऊन बाहेर आला, दोनदा परत गेला. दुसऱ्या खेपेला त्याने हळूच विचारले, तुमच्यात सुंठ किती घालतात, घरी म्हातारीला खोकला आहे. तिने मूठ उघडून करंगळी दाखवली, एवढी, आणि मूठ पुन्हा मिटली.

दुसऱ्या तारखेला मामलेदार दौऱ्यावर होते. आम्ही गेलो आणि आलो. जाताना वहिनीने तांब्यात गूळ-सुंठीचा उकाळा घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून घेतला होता. तो तिने कचेरीच्या आवारात बसलेल्यांना वाटला. काय आहे, असे एकाने विचारले, तेव्हा ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ज्याच्यावर खटला हाय तो." एकानेही नको म्हटले नाही.

त्यानंतर मला मुंबईला परतावे लागले. तिसरी तारीख संक्रांतीनंतरची. भाऊ त्या दिवशी तिच्याबरोबर गेला. निघण्याआधी दोघांत काय बोलणे झाले ते त्यांच्यापैकी कुणी मला सांगितले नाही.

मधल्या काळात असे झाले होते. मुंबईला पाठवायची दुसरी बाटली पाठवायची राहिली होती. ती मोहोर केलेल्या स्थितीत कचेरीच्या कपाटात पडून होती आणि संक्रांतीच्या आठवड्यात एका दुपारी फुटली. आवाज ऐकून एक कारकून बाहेर पळाला. त्याच कप्प्यात फुलांची पुरचुंडी होती आणि पंचनाम्याचा कागदही होता. सगळे भिजले. रात्रीत मुंग्या लागल्या. सकाळी शिपायाने फुले आवारात फेकली आणि ती गुरांनी खाल्ली. पंचनाम्यावरची शाई फुटून एकच डाग झाला होता. ही हकीकत कारकुनाने मला नंतर स्वतः सांगितली.

मामलेदारांनी तिसऱ्या तारखेला वहिनीला एकदाच विचारले, अंगठा देतेस का. ती नाही म्हणाली. त्यांनी कागद दप्तरी दाखल करायला सांगितले. पुरावा उरला नव्हता. ठाकरणीच्या वाडीवर कुणी गेले नाही.

मग टोपाचा प्रश्न निघाला. जप्त केलेले भांडे परत न्यायचे तर पोचपावती द्यावी लागे. कारकुनाने ती लिहून तयार ठेवली होती. वहिनीने वाचायला सांगितले. 'दारू गाळण्याचा पितळी टोप, नग एक, परत मिळाला.'

"उकाळ्याचा टोप लिवा. एक सोडून दहाबी बोटं लावते."

कारकून म्हणाला, जप्तीच्या यादीत जे आहे तेच लिहावे लागते, यादी बदलता येत नाही. भाऊ म्हणाला, आता खटला संपला, शब्दाने काय होते. भांडे तिच्यासमोर, हाताच्या अंतरावर होते.

"ऱ्हाऊ द्या मंग तुमच्याकडं," वहिनी म्हणाली आणि उठली.

भावाने पावतीवर स्वतःची सही करून टोप न्यायची तयारी दाखवली. कारकून तयारही होता. वहिनी दारातून म्हणाली, "अवो, आनलात तं तुमीच भरा त्याच्यात पानी." भावाने लेखणी खाली ठेवली. दोघे रिकाम्या हातांनी पळसदरीला आले. भावाची नोकरी राहिली. वरून कसलेही पत्र आले नाही.

पुढच्या मार्गशीर्ष पौर्णिमेला मी घरी होतो. ठाकरीण सकाळीच आली. डोक्यावर मातीचे मोठे मडके होते आणि मडक्यात फुले होती. वहिनीने चूल पेटवली, उकाळ्यासाठी तेच मडके चढवले आणि दाराची दोन्ही कवाडे उघडी ठेवली. मडक्यावर झाकण ठेवले नाही. वास गाडीरस्त्यापर्यंत जात होता. मी रस्त्यावर जाऊन खात्री करून घेतली.

"बाय, हवालदार आला तं?" म्हातारीने विचारले.

"आला तं त्याला दुसरा पेला. पयला तुजा."

त्या दिवशी रस्त्याने कुणी हवालदार आला नाही. सूर्य मावळला, पाळणा हलला आणि पहिला पेला ठाकरणीला मिळाला. तिने तो उंबराखाली बसून, फुंकर मारत, सावकाश संपवला. रांग तोवर थांबली होती.

कर्जतच्या कचेरीत मी त्यानंतर काही वर्षांनी एका वेगळ्या कामासाठी गेलो. मागच्या पडवीत एक पितळी टोप होता. काठाखाली तीन टिंबांची ठोकून काढलेली खूण होती. टोपात शिपायांसाठी प्यायचे पाणी भरलेले होते आणि वर लाकडी झाकण होते.